काळजाचं पाणी

एकोणीस हिवाळे मी कॉड चिरले
वार्डोच्या धक्क्यावर, पट्ट्याशी उभी राहून.
गळ्याखाली सुरी, मनगटाला एक गिरकी,
आतडं उजवीकडच्या पन्हळीत, काळीज डावीकडच्या पिंपात.
पिंप भरलं की तेलाचा ट्रक यायचा.
कुठलं काळीज कुठल्या माशाचं, कोण विचारतं?

आता ट्रोम्सोला, विद्यापीठाच्या तळघरात
एकच काळीज आहे
आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती
बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तसं बोलतो.

मासा सकाळीच गेला.
भुलीच्या पाण्यात आडवा झाला, मग आयलेर्टने त्याला
सोडवलं. हा आयलेर्टचा शब्द, माझा नाही.
शिरेत नळी घालायचं काम माझ्याकडे येतं.
ऑस्लॉग डॉक्टर आहे, पण म्हणते, हात तुझे.
शीर म्हणजे ओल्या रेशमाचा धागा.
नळीचं टोक तिरकं, गाठ दोनदा, श्वास रोखून.
एक बुडबुडा आत गेला तर दिवस फुकट.

मग वरच्या बरणीतून खारं पाणी उतरतं,
सहा अंशांचं, प्राणवायूने फसफसलेलं,
आणि रक्त धुऊन निघतं: लाल, गुलाबी, मग नुसतं पाणी.
काळीज सायीच्या रंगाचं होतं.
एक कोपरा तांबडाच राहतो, हट्टी.
आयलेर्ट ओल्या कापसाने तो चोळत बसतो,
थंडीत कोणाचे कान चोळावेत तसा.

बारा वाजता पहिली नळी.
दर दहा मिनिटांनी एक, बर्फात रांगेने.
डोकं नाही, शेपूट नाही, समुद्र तर नाहीच,
आणि ते प्राणवायू खातंय, हिशोब देतंय.

दोन वाजता, बाहेर मिट्ट काळोख,
आयलेर्ट पाण्यात ॲड्रेनालिन सोडतो.
कुपीला चांदीचा कागद गुंडाळलेला असतो.
भीतीला उजेड सोसत नाही, नासते.

आणि काळीज ऐकतं.
तेराव्या नळीत साखर चढते, चौदाव्या नळीत दुप्पट.
घे, ते म्हणतं, ही शिदोरी घे आणि पळ.
कोणी पळायचं?
कल्ले बादलीत आहेत.
शेपूट मी स्वतः कागदात बांधून टाकली.
काळजाचं पाणी झालं, असं आपण सहज म्हणतो,
इथे ते दहा-दहा मिनिटांचं भरून ठेवतात, वर आकडा घालून.
रेघ पडद्यावर चढत जाते. ऑस्लॉग टाळी वाजवते.
मला उगाच घाम फुटतो.

कारखान्याला कुलूप लागलं त्या वर्षी
मी घरी ब्रेड कापायला घेतला
की मनगट आपोआप गिरकी घ्यायचं,
आणि हात डावीकडे पिंप शोधायचा,
जिथे आईची खुर्ची होती.
गुन्वोर, सांग की त्याला, बंद झालं म्हणून.
मी सांगितलं. पुष्कळदा सांगितलं.
हाताला कुठूनतरी अजून पाणी येत होतं.

पाचनंतर काळीज फुगायला लागतं.
कडा ओलसर होतात, थेंब भलतीकडूनच गळतात.
आयलेर्ट म्हणतो, सूज. मी म्हणते, दमलं.
वहीत त्याचा शब्द जातो.

पंप बंद करायचं तेवढं मला सांगू नका,
असं मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं.
दोघं हसली होती: लाखभर कॉड चिरणारी बाई!
पण आज ऑस्लॉगच्या मुलीला ताप आहे,
आणि आयलेर्टची सहाची बस, पुढची नऊला.

बटणावर बोट ठेवून मी उभी राहते.
छत्तीस नळ्या झाल्या. मोजणी संपली.
सदतिसावी कोणी मागितलेली नाही,
तरी ती भरू देते,
तिच्यावर आकडा घालत नाही.

मग बटण.
मग दोन गाठी उलट्या क्रमाने.
आणि काळीज तळहातावर घेऊन मी डावीकडे वळते.

डावीकडे वजनकाटा आहे.
एकशे बारा ग्रॅम.
तेवढं लिहिते.